अण्णांची चिलीम

श्रोतेहो, नमस्कार.

मिरजेच्या माझ्या ओपीडीत मागच्या पावसाळ्यात सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आले. उभी हयात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहिलेली. सूनबाई म्हणाल्या, "अण्णा हल्ली विसरत्यात, आणि दोनदा न्हाणीत पडले." अण्णा गप्प. सूनबाई केसपेपर आणायला बाहेर गेल्या, तशी त्यांनी उपरण्यातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली गांज्याची चिलीम काढली. "रात्री दोन झुरके मारल्याबिगर पाठ टेकत न्हाई. हिच्यानंच डोकं कामातनं चाललंय का माझं?"

गांज्यातलं नशा आणणारं द्रव्य, म्हणजे टीएचसी, मेंदूत जिथं काम करतं, त्यातली एक महत्त्वाची जागा म्हणजे हिप्पोकॅम्पस, आपल्या आठवणींची पेठ. शरीर स्वतःही तशाच कामाचा एक पदार्थ बनवतं. तो १९९२ साली जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि संस्कृतातल्या 'आनंद'वरून त्याचं नाव ठेवलं आनंदमाइड. मला या नावाचं फार अप्रूप आहे.

२०१७ साली जर्मनीत बॉनच्या संशोधकांनी म्हाताऱ्या उंदरांना २८ दिवस थोडं थोडं टीएचसी दिलं, तर ते तरुण उंदरांसारखे शिकू लागले. तरुण उंदीर मात्र मंदावले. पण ती मोजूनमापून दिलेली मात्रा होती, आणि त्यात धूर नव्हता. माणसांचं बघायचं तर न्यूझीलंडमधल्या डनेडिनला १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांची पंचेचाळिशीपर्यंत तपासणी झाली. वर्षानुवर्षं गांजा ओढणाऱ्यांचा बुद्ध्यांक सरासरी साडेपाच अंकांनी घसरला होता. उलट सांगणाऱ्याही पाहण्या आहेत. मला मात्र डनेडिनचं पारडं जड वाटतं.

अण्णांच्या बाबतीत मला विसरण्यापेक्षा पडण्याची जास्त धास्ती वाटली. टीएचसी चरबीत साठतं. म्हातारपणी मांस झडतं, चरबीचा वाटा वाढतो, म्हणून अंमल लवकर सरत नाही. उठून उभं राहताना बीपी खाली येतं. त्यात त्यांच्या पिशवीत रक्त पातळ करायची वॉरफरिन निघाली. गांज्यानं तिचा जोर वाढू शकतो. अशा माणसाचं डोकं फरशीवर आपटलं, तर मेंदूत रक्तस्राव व्हायला वेळ लागत नाही.

तुमच्या घरात कुणी ओढत असेल, भांग घेत असेल, तर रागावू नका. गोळ्यांच्या पिशवीबरोबर तेही डॉक्टरांना सांगा.

अण्णांच्या रक्ताची तपासणी केली, गोळी कमी केली, पाठीचे व्यायाम शिकवले. चिलीम काही लगेच सुटली नाही. महिन्यानं आले, ते सूनबाईंसमोरच म्हणाले, "आता एकच झुरका, डॉक्टर. आणि न्हाणीत हिनं दांडी बसवून घेतलीय."