कव्हराखालचे बकल

(फोंडा तालुक्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

सन्माननीय अध्यक्ष आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘गोव्यातील रस्ते अपघात: कारणे आणि उपाय’ असा छापलेला आहे आणि त्यासाठी मला पाऊण तास दिलेला आहे. तेवढ्या वेळात नुसती कारणेही सांगून होणार नाहीत, म्हणून मी एका क्षुल्लक वस्तूपासून आरंभ करतो. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या मागच्या आसनावरील पट्ट्याचे बकल. आपल्या गाडीतले हे बकल ज्यांनी पाहिले आहे त्यांनी कृपया हात वर करावेत. चार हात दिसतात. त्यांतल्या एकांचे गॅरेज आहे, तेव्हा तीनच धरू.

2011 च्या श्रावणातली गोष्ट आहे. नागपंचमीच्या रात्री मावशीला पणजीहून फोंड्याला आमच्या घरी आणत होतो. मेहुणे गाडी चालवत होते, मावशी त्यांच्या शेजारी पट्टा लावून आणि मांडीवर पातोळ्यांचा स्टीलचा डबा घेऊन बसली होती, आणि मी मेहुण्यांच्या बरोबर मागे होतो. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक; जडत्वाचा नियम वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेला. त्यामुळे मीही पट्टा खांद्यावरून ओढला, पण तो अडकवायला बकल मिळेना. नवे सीट कव्हर इतके घट्ट शिवलेले होते की बकल पार खाली दबून गेले होते. फटीत बोटे घालून चाचपले तेव्हा एक दोन रुपयांचे नाणे आणि शेंगदाण्याची टरफले हाती लागली. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत मी प्रयत्न केला आणि मग पट्टा सोडून दिला. मागे बसलेल्याला काय होणार, असे मी त्या वेळी मोठ्याने म्हणालोही होतो, आणि मावशी ते वाक्य मला अजून ऐकवते.

भोम मागे टाकून कुंडईजवळ आलो. पावसाळ्यात आपल्याकडची गुरे रात्री डांबरावर का बसतात हे इथे कोणाला सांगायला नको: रान ओले असते, रस्त्यावरचे पाणी वाहून जाते आणि जाणाऱ्या वाहनांच्या वाऱ्याने माश्याही कमी बसतात. तोंड पलीकडे करून बसलेली काळी गाय भिजलेल्या डांबरावर दिव्यांच्या उजेडातही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. मेहुण्यांनी ब्रेक दाबून गाडी वळवली. गाय वाचली आणि आम्ही मोरीच्या कठड्यावर आदळलो.

मावशीला पट्ट्याने धरून ठेवले. तिच्या खांद्यावर फक्त एक निळा वळ उठला. डबा मात्र मोकळाच होता. तो उडाला आणि हळदीच्या पानासकट एक पातोळी समोरच्या काचेला चिकटून राहिली. मेहुण्यांनीही पट्टा लावलेला होता, आणि तरीही त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या. त्या कठड्याने मोडल्या नाहीत, माझ्या गुडघ्यांनी मोडल्या. त्यांच्या आसनाची पाठ मी माझ्या सगळ्या वजनानिशी पुढे ढकलली होती. बांबोळीला डॉक्टरांनी मला विचारले, ‘‘तुम्हाला काय लागले?’’ मी म्हणालो, ‘‘फारसे काही नाही, मी यांना लागलो.’’ त्यावर मेहुणे हसायला गेले आणि कळवळले.

पुढे मी ते कव्हर जिथून घेतले होते त्या दुकानात गेलो आणि बकलासाठी भोके का ठेवत नाही असे विचारले. मालक शांतपणे म्हणाला, ‘‘सर, फाटल्यान कोणूच घालिना.’’ म्हणजे मागे बसून पट्टा कोणीच लावत नाही. माझी तक्रार आहे ती या उत्तराबद्दल, कारण ते खरे आहे. 1959 साली व्होल्वो कंपनीच्या निल्स बोहलिन या अभियंत्याने तीन ठिकाणी धरणारा पट्टा सिद्ध केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर सगळ्यांसाठी खुले ठेवले. अशी फुकट मिळालेली वस्तू आपण पैसे मोजून घेतलेल्या रेक्झिनखाली पुरून टाकतो. त्याहून पुढची प्रगती म्हणजे पट्टा न लावता गाडीची टिटी बंद करण्यासाठी बकलात खोचायची खोटी क्लिप, जी मी मागच्याच आठवड्यात एका वकिलाच्या गाडीत पाहिली.

ताशी 50 किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे 10 मीटर उंचीवरून पडणे होय. आपला पाडेली तेवढ्या उंच माडावर पायांत दोरीचे कडे घालूनच चढतो आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. वेग 50 वरून 70 वर नेला की ही उंची जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या आसनावर बसलेले होते. त्यानंतर पंधरा दिवस सगळा देश मागच्या पट्ट्याविषयी बोलत होता.

अध्यक्षांचा हात घंटेकडे गेलेला दिसतो, तेव्हा छापलेला विषय आता धावत आटोपतो. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावणे नियमाने बंधनकारक आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने पट्टा न लावल्यास 1000 रुपये दंड ठेवला आहे. दुचाकीवाल्यांविषयी अर्धा तास बोलायचे होते. एवढेच सांगतो की हनुवटीखालचा पट्टा न आवळलेले हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचते. पोर्तुगालने 1928 साली उजवी बाजू धरली तरी गोव्याने डावी सोडली नाही असे इतिहास सांगतो, पण संध्याकाळी फर्मागुडीच्या चढावर पाहिले की त्याविषयी शंका येते. जखमीला उचलायला लोक पोलिसांच्या भीतीने कचरतात, परंतु सर्वोच्च न्यायालयाचा मार्च 2016 चा निकाल आणि कायद्यातले 134अ हे कलम मदत करणाऱ्याच्या बाजूचे आहेत. 108 ला फोन केल्यावर तुमचे नाव सांगण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. गुरांचे काय करायचे, हे पंचायतीच्या सभेत विचारा. मी विचारले तर मला विषय सोडून बोलू नका असे सांगण्यात आले.

घंटा झाली, चहाही आला आहे. आत येण्यापूर्वी मी बाहेर उभ्या असलेल्या सात मोटारींच्या काचांतून डोकावून पाहिले, त्यावरून राखणदाराने मला हटकलेही. पाच गाड्यांत मागचे बकल दिसले नाही. त्यांत अध्यक्षांची गाडी आहे की नाही हे मी सांगणार नाही, कारण मला घरी त्यांच्याच गाडीतून जायचे आहे.