लाटेची तालीम, नागपूर

(पडद्यावर : पहाटेचा अंधुक उजेड. गाडीच्या टपावर दोरीने आवळलेली एक लांबलचक वस्तू.)

नवतपा लागायला दोन दिवस आहेत. या दिवसांत नागपुरात सात वाजले की ऊन अंगावर येतं, म्हणून दोघं भाऊबहीण पाचलाच निघतात. सोसायटीच्या वॉचमनने पहिल्या दिवशी टपाकडे बघून विचारलं होतं, "ताई, घरात पार्टिशनचं काम काढलं का?"

तो साडेनऊ फुटांचा सर्फबोर्ड आहे. जाड, जड, दोन्ही टोकांना निमुळता. मोठ्या लाटांसाठी असतो हा प्रकार. सर्फर त्याला 'गन' म्हणतात.

नागपूरहून कुठल्याही दिशेला सरळ रेघ ओढा, ५५० किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. त्यातही सगळ्यात जवळचा किनारा आंध्रचा, मुंबईचा नव्हे. अशा गावात मोठ्या लाटेची तालीम चालते म्हटल्यावर लोक हसतात. कॅमेरा घेऊन निघालो तेव्हा आम्हीही हसलोच होतो.

(पडद्यावर : तलाव. काठावर शिंदीची झाडं, मागे गावाची पाण्याची टाकी.)

हिंगण्याच्या पुढचा हा तलाव. सराव बहिणीचा. अंबाझरी तलाव तिला घरापासून जवळ पडतो, पण तिथल्या जलपर्णीत हात अडकतात. ती बँकेत नोकरी करते. पोहायला शिकली आजोळच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. सर्फिंग शिकली तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, रजा साठवून साठवून. आजवर घेतलेली सगळ्यात मोठी लाट तिच्या डोक्याएवढी होती. हे ती स्वतःच आधी सांगून टाकते आणि मग बाकीचं बोलते.

मग खरी मोठी लाट केवढी? पोर्तुगालमध्ये नाझारेला २९ ऑक्टोबर २०२० रोजी सेबास्टियन श्टॉयटनर या जर्मन सर्फरने घेतलेली लाट २६.२१ मीटर भरली. आठ मजली इमारतच म्हणा. पण तिथे जेट-स्कीच्या, म्हणजे पाण्यावर धावणाऱ्या स्कूटरच्या, मागे दोरी धरून सर्फरला ओढत नेतात आणि लाटेवर सोडतात. ही रीत हवाईत १९९०च्या दशकात रुजली. इतकं धावतं पाणी नुसत्या हातांनी गाठता येत नाही, असं तेव्हा बहुतेकांनी धरून चाललं होतं. पुढे २०१०च्या सुमारास काही हट्टी लोक हवाईतल्याच माउई बेटावरच्या पेआहीच्या लाटांवर पुन्हा पालथे पडून, हात मारत जाऊ लागले. जानेवारी २०१६मध्ये तिथेच एरन गोल्डने हातांच्या बळावर घेतलेली लाट ६३ फूट मोजली गेली.

आपली ही मुलगी या दुसऱ्या पंथातली. म्हणून तलाव.

आता थोडा हिशेब. लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग खोलीवर ठरतो. पाणी २० मीटर खोल असेल तर तो ताशी ५० किलोमीटरच्या आसपास निघतो. बोर्डावर पालथा पडलेला कसलेला माणूस जीव काढून हात मारेल तेव्हा ताशी सात-आठ किलोमीटर गाठेल, तेही काही सेकंदच. गणित जुळत नाही. पण चालती बस पकडणारा तरी कुठे बसच्या वेगाने धावतो? दांडा हाती येईपर्यंत पायांत थोडी गती असली की पुरे. इथे दांड्याचं काम लाटेचा उतार करतो. तळ वर येतो तशी लाट मंदावते, उभी होते, आणि बोर्ड उतारावरून घसरू लागतो. त्या क्षणी बोर्डाला आधीची गती हवी आणि सर्फर नेमक्या जागी हवा. बोर्ड इतका लांब का, तेही यातच आलं : लांब बोर्ड हाताच्या तेवढ्याच जोरात जास्त वेगाने जातो.

(पडद्यावर : अगदी जवळून, बोर्डावरची लाल चिकटपट्टी. तिच्यावर टेकलेली हनुवटी.)

ही पट्टी इलेक्ट्रिशियन वापरतात तीच. पालथं पडलं की हनुवटी या पट्टीवर यायला हवी. चार बोटं मागे सरकलात तर बोर्डाची शेपटी बुडते आणि बोर्ड पाणी ढकलत बसतो. पुढे सरकलात तर नाक पाण्यात घुसतं. जागा सापडली की छाती उचलायची आणि मान स्थिर ठेवायची. बघताना सोपं वाटतं. पाच मिनिटं घरच्या पलंगावर करून बघा. तिची आई रोज रात्री तिच्या मानेला शेक देते आणि रोज रात्री तेच बोलते, ते आम्ही इथे घेतलेलं नाही.

पहिले काही आठवडे तिचे हात नुसतेच पाण्यावर आपटत होते. आवाज मोठा, बोर्ड जागच्या जागी. या तलावात जाळी टाकणारे एक ढिवर काका आहेत. डोंग्यात बसून ते बराच वेळ हे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले,

"पाण्याले कायले मारतं बाई? धर ना त्याले."

शिकवणारे हेच दहा वाक्यांत सांगतात. हात पुढे आवाज न करता आत घालायचा, कोपर वर ठेवायचं, पंजा ते कोपर असं सगळं वल्ह्यासारखं उभं करायचं आणि मग अंग पुढे ओढून न्यायचं, मांडीपर्यंत. बोटं घट्ट मिटायची नाहीत. घरी खिडकीच्या गजाला रबरी दोर बांधून ती हीच हालचाल करते. ताकदीपेक्षा खांद्यातल्या लहान स्नायूंसाठी. ते एकदा दुखावले की महिनोन् महिने गेले.

तालमीचा क्रम असा : वीस मिनिटं सावकाश पॅडल, म्हणजे पालथं पडून हात मारणं, मग बोर्डावर बसून राहायचं. भावाने शिट्टी मारली की जागच्या जागी गर्रकन वळायचं, पालथं पडायचं आणि सगळा जोर लावून दहा हात. असे बारा फेरे. समुद्रातही बहुतेक वेळ वाट बघण्यातच जातो, शिट्टी तेवढी नसते. शेवटचे दोन हात सगळ्यात अवघड, कारण लाट मिळाली असं वाटून माणूस तिथेच उठतो. मोठ्या लाटेत असं अर्धवट उठलेला माणूस लाटेबरोबर वरून खाली येतो.

(पडद्यावर : शहरातला जलतरण तलाव, संध्याकाळ.)

खाली आल्यावर काय? मोठ्या उधाणात दोन लाटांमधलं अंतर १५ ते २० सेकंदांचं असतं. पहिलीने दाबून ठेवलं आणि दुसरी डोक्यावरून गेली, की एका दमात दोन लाटा. २०१०मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्सला शेन डोरियनवर हीच वेळ आली. त्यातून वाचल्यावर त्याने दोरी ओढताच हवेने फुगणारा सूट तयार करून घेतला. आज तशी जॅकेटं मोठ्या लाटेत सर्रास दिसतात.

सोफ्यावर बसून तीन मिनिटं दम कोंडता आला म्हणून हुरळायचं कारण नाही. लाटेखाली जातो तो धापा टाकणारा माणूस. म्हणून ती २५ मीटर जोरात पोहते, कठडा धरते आणि त्या धापेतच पंधरा सेकंद तोंड पाण्यात घालते. भाऊ हातभर अंतरावर उभा असतो, आणि त्याने मोबाइल खिशातही ठेवायचा नाही, असं ठरलेलं आहे. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेण्याची सवय तर जीवघेणी. श्वास घ्यावासा वाटतो तो साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तोच आधी बाहेर टाकला तर सूचना मिळत नाही, प्राणवायू संपतो आणि माणूस गपकन बेशुद्ध होतो. हा व्हिडिओ बघून कुणीही एकट्याने पाण्यात दम कोंडू नये.

(पडद्यावर : पुन्हा तलाव. वारा सुटलाय.)

सात वाजत आलेत. उरलाय तो डोळ्यांचा सराव. भर पाण्यात आपण कुठे आहोत ते पाण्याकडे बघून कळत नाही. सर्फर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात, बाजूला आणखी दोन. तिने टाकी आणि तिच्यासमोरची एकटी शिंदी धरली आहे. ढिवर काका आपलं जाळं शोधतात तेही असंच. कुणी कुणाला शिकवलं नाही.

शिट्टी. वळली. दहा हात. अकरावा फेरा चांगला गेला. ती बोर्डावर उठून बसली आणि हसत भावाकडे बघत राहिली. वाऱ्याने बोर्ड हळूच सरकत होता. टाकी शिंदीपासून हातभर बाजूला झाली होती.

"सरकली न बाई तू!" डोंग्यातून हाक आली. "टाकी पाय ना!"

तिने मान वळवून बघितलं. बारावी शिट्टी हाताच्या खुणेनेच थांबवली, पालथी पडली आणि वाऱ्याच्या उलट दिशेने, न आपटता, हात मारू लागली. टाकी शिंदीमागे जाईपर्यंत.