जखऱ्याच्या घरातल्या दोघी

मैत्रिणींनो, नाताळ म्हटलं की आपण थेट बेथलेहेमच्या गव्हाणीपाशी जातो. आज मी तुम्हाला त्याआधीच्या एका घरात नेणार आहे. यहूदियाच्या डोंगराळ मुलखातलं जखऱ्या याजकाचं घर, बायबलातल्या लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय.

घरातला कर्ता पुरुष मुका झालेला, कारण ‘तुला मुलगा होईल’ हे देवदूताचं बोलणं त्याला खरं वाटलं नाही. बायको अलीशिबा, उतारवयात दिवस गेलेली. पाच महिने ती लोकांपासून दूर राहिली. जन्मभर वांझपणाचे टोमणे ऐकलेली बाई आनंदाची बातमीसुद्धा लपवून ठेवते, यात मला नवल वाटत नाही. अशा घराच्या दारात नासरेथहून मरीया येते, पोटात येशू. वाट शंभर किलोमीटरांहून जास्त. सोबतीला कोण होतं, लूक सांगत नाही.

मरीयेची फक्त मागणी झालेली, लग्न व्हायचं होतं. अशा मुलीला दिवस गेले तर नियमशास्त्रात दगडमार होता, आणि हे घर तर याजकाचं. खुद्द योसेफ तिला गुपचूप सोडायच्या विचारात पडला होता, असं मत्तय लिहितो. अलीशिबा मात्र काही विचारत नाही. कोणाचं, कसं, घरी माहीत आहे का, काही नाही! तिच्या पोटातलं बाळ उसळतं आणि ती म्हणते, माझ्या प्रभूच्या आईनं माझ्याकडे यावं, एवढी मी कोण? नात्यातली वडीलधारी बाई पोरसवदा मुलीला मान देते. आपल्याकडे आत्या-मावश्यांनी काय केलं असतं, ते तुम्हीच आठवा.

मग मरीया गाते. नासरेथात देवदूताला तिनं ‘हे कसं होईल?’ असं विचारलं होतं, आणि मग ‘मी प्रभूची दासी’ म्हणून थोडक्यात होकार दिला होता. सत्ताधाऱ्यांना आसनांवरून उतरवणारं, भुकेल्यांना पोटभर देणारं ते गीत तिला इथे सुचलं. जात्याला दुसरा हात लागला की ओवी सुटते, तसं. त्यात शमुवेलाच्या आईच्या, हन्नेच्या, जुन्या गीताचे सूर आहेत. म्हणजे आणखी एक वडीलधारी तिथे हजर होतीच.

मरीया सुमारे तीन महिने राहिली. लूक तिचं परतणं आधी लिहितो आणि योहानाचा जन्म नंतर. पण दिवस भरलेल्या वयस्क बाईला टाकून ती निघाली असेल, हे मला पटत नाही. बारशाला नातलग बाळाला बापाचं नाव द्यायला निघाले, तेव्हा ‘नाही, योहान’ असं ठणकावून सांगितलं ते अलीशिबेनंच. बापानं नंतर पाटीवर तेच लिहिलं.

पुढे यरुशलेमच्या मंदिरात मरीयेला आणखी एक म्हातारी भेटते, फनुएलाची मुलगी हन्ना. विधवा, चौऱ्याऐंशीचा आकडा तिच्या नावापुढे आहे, तो वयाचा की वैधव्याच्या वर्षांचा, दोन्ही अर्थ लागतात. बाळाला पाहून ती देवाचे आभार मानते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याच्याविषयी सांगत सुटते.

आपल्या नाताळच्या नाटकात सराईवाला असतो. शास्त्रात तो नाहीच. उंटही असतात. यंदा तालमी सुरू व्हायच्या आत अलीशिबेचं आणि हन्नेचं काम लिहून घ्या, आणि ते मंडळातल्या आज्यांनाच द्या. पोरींना पांढरे केस लावून चालणार नाही.