परागकोश रिकामे का राहतात?

पडद्यावर दोन रानफुलं आहेत. मोठं, गर्द पिवळं, आत लाल ठिपके असलेलं फूल मिम्युलस गटाटसचं. ते मधमाश्यांवर अवलंबून असतं. शेजारचं फूल इतकं बारीक, की सहज नजरेतून सुटावं. हे मिम्युलस नासुटस. याचं स्वपरागण बरेचदा कळी उमलण्याआधीच उरकतं. दोघं अगदी जवळचे नातलग. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, झऱ्यांच्या काठी आणि ओल्या खडकांवर, ती काही ठिकाणी शेजारी-शेजारी वाढतात, आणि मधमाशी एकाचा पराग दुसऱ्यावर नेते.

त्यातून उगवलेली पहिली पिढी धडधाकट असते. खरी गडबड दिसते ती पुढच्या पिढीत.

त्या पिढीतल्या एका फुलाचा परागकोश फोडून, निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू. सकस परागकण रंग शोषून गडद निळे होतात. इथे मात्र जवळजवळ सगळे कण फिकट आहेत, चिंबलेले. पाकळ्या आहेत, पुंकेसर आहेत, पण फलन करू शकेल असा पराग नाही.

हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही छळत होता. वंध्यत्वाचा त्या झाडाला काहीच फायदा नाही, मग निसर्गनिवडीतून ते आलं कसं? ते मुद्दाम घडलेलं नसून इतर फरकांच्या ओघात येतं, असं उत्तर त्यांनी १८५९ मध्ये दिलं. त्याला जनुकांची भाषा मिळाली ती विसाव्या शतकात, बेट्सन, डॉबझान्स्की आणि म्युलर या आनुवंशशास्त्रज्ञांकडून. एका प्रजातीत एक जनुक बदलतं, दुसरीत दुसरंच. आपापल्या घरी दोन्ही बदल निर्धोक असतात. ते एकत्र येतात फक्त संकरात, आणि तिथे त्यांचं जमत नाही.

मिम्युलसमध्ये अशी एक जोडी हाती लागली आहे. गुणसूत्रांवरच्या या दोन जागांना एचएमएस-१ आणि एचएमएस-२ म्हणतात. पहिल्या जागी गटाटसचं एक विशिष्ट रूप असेल, आणि दुसऱ्या जागी दोन्ही प्रती नासुटसच्या असतील, तर पराग जवळपास पूर्ण बाद. पहिल्या पिढीत दुसऱ्या जागी गटाटसचीही एक प्रत असते, म्हणून ती पिढी यातून सुटते. दुसऱ्या पिढीतल्या साधारण १६ पैकी ३ रोपांच्या वाट्याला हा मेळ येतो.

त्याच पिढीत पराग बुडवणारं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत विलक्षण भाग हाच. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे, स्वतःचा वेगळा डीएनए असलेले घटक. ते पुढच्या पिढीत जातात ते बीजांडातून. परागाशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यामुळे पराग बंद पाडणारा बदल मायटोकॉन्ड्रियात झाला, तरी त्यांचं नुकसान होत नाही. नुकसान होतं केंद्रकातल्या जनुकांचं, कारण ती परागातूनही प्रवास करतात. म्हणून त्यांच्यात तो बदल दाबून टाकणारं जनुक पसरतं. ओरेगॉनमधल्या आयर्न माउंटनवरच्या गटाटसमध्ये हे भांडण असं मिटलेलं आहे. झाडं सुदृढ, पराग भरपूर, बाहेरून काहीच कळत नाही. पण आई आयर्न माउंटनची गटाटस आणि वडील नासुटस असा संकर केला, की दुसऱ्या पिढीतल्या एक चतुर्थांश रोपांत मायटोकॉन्ड्रिया आईकडचे येतात आणि त्यांना आवरणारं जनुक मात्र येत नाही. परागकोश नापीक राहतात. आई-वडिलांची अदलाबदल करा, हा दोष दिसतच नाही.

सगळीकडे दोष जनुकांचाच असतो असंही नाही. याच कुळातल्या मिम्युलस लुईसी आणि मिम्युलस कार्डिनॅलिस यांच्यात गुणसूत्रांचे तुकडेच इकडचे तिकडे झाले आहेत. परागकण तयार होताना जोड्या नीट लागत नाहीत. संशोधकांनी त्या संकराची गुणसूत्रं दुप्पट केली. प्रत्येकाला हुबेहूब जोडीदार मिळाला आणि पराग पुन्हा सकस झाला. गुणसूत्रांच्या रचनेवरच ठपका ठेवायला याहून स्वच्छ प्रयोग मला तरी माहीत नाही.

आता पुन्हा एचएमएस-१ कडे. पराग बुडवणारं त्याचं रूप आयर्न माउंटनवरच्या काही झाडांत आहे, काहींत नाही. त्याच्या आसपासच्या डीएनएत, ते रूप अलीकडे निवडीच्या जोरावर वेगाने पसरल्याच्या खुणा आहेत. म्हणजे घरच्या घरी त्याचा काहीतरी फायदा होत असणार. दोन प्रजातींमधली भिंत अजून पुरी उभी राहिलेली नाही. जिथे दोघी शेजारी वाढतात, तिथल्या गटाटसच्या डीएनएत नासुटसचे तुकडे आजही सापडतात.