दहाच्या दहा काड्या

नमस्कार, श्रोतेहो. लग्नाचा केक घरी करायचा ठरला की सगळे आधी कृती विचारतात. कृती तुम्हाला येते. एरवी जो स्पंज तुमच्या हातचा हमखास जमतो, तोच इथेही करायचा. मोजमाप मात्र नीट लक्षात घ्या. ६ इंची टिनाऐवजी तेवढ्याच उंचीचं १२ इंची टिन घेतलं, तर मिश्रण दुप्पट नाही, चौपट लागतं. पुन्हा सांगते, चौपट. मोठं टिन जरा कमी आचेवर, १६० अंशांवर, जास्त वेळ भाजायचं, म्हणजे कडा करपून मधला भाग कच्चा राहत नाही. आणि मैदा वजनकाट्यावरच मोजा. दाबून भरलेला कप आणि अलगद भरलेला कप यांत किती फरक पडतो, ते एकदा काट्यावर ठेवून बघा. कपाने मोजणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडत आले आहे आणि पुढेही भांडणार आहे.

आता मुख्य गोष्ट. वरच्या मजल्याचा भार खालच्या केकवर येता कामा नये, तो काड्यांवर यायला हवा. खालच्या मजल्यात, वरचा केक जेवढ्या गोलात बसणार तेवढ्याच गोलात, चार-पाच जाड काड्या उभ्या खोचायच्या. एक काडी केकच्या सगळ्यात उंच जागी मोजून कापायची आणि बाकीच्या तिच्याच मापाच्या कापायच्या. वरचा मजला स्वतःच्या पुठ्ठ्यावर असतो, तो पुठ्ठा या काड्यांवर टेकतो. म्हणजे केकचा भार कशावर? काड्यांवर. आणि सगळ्या मजल्यांमधून आरपार जाणारी एक लांब काडी, मधोमध. या मधल्या काडीचीच गोष्ट आज मला सांगायची आहे.

माझ्या भाचीचं लग्न होतं. तीन मजली केक, १२, ९ आणि ६ इंचांचा, सगळा मिळून दहा किलोच्या आसपास. खालचे दोन मजले मी घरीच एकावर एक चढवले. मधली काडी तिथे गेल्यावर, तिसरा मजला चढवला की घालू, असं ठरवलं. दादा गाडी घेऊन आला. म्हणाला, "मागच्या सीटवर ठेव, मऊ आहे." मी म्हटलं, "अरे, सीट मागे उतरती असते. डिकी सपाट आहे, तिथेच ठेवायचा." डिकीत रबरी मॅट अंथरली, तिच्यावर खोका ठेवला. गाडीतला एसी अर्धा तास आधीपासून चालू होता. दादाने गाडी अगदी जपून चालवली. पण एका वळणावर सायकलवरचा मुलगा अचानक आडवा आला आणि दादाला ब्रेक दाबावाच लागला. मागून फक्त एक बारीक "सर्र" ऐकू आलं.

डिकी उघडली तर खोका जागचा हललेला नव्हता. मॅटने त्याला धरून ठेवलं होतं. झाकण काढलं आणि माझे हातच गार पडले. मधला मजला बोटभर पुढे सरकला होता. त्याच्या पुठ्ठ्याने खालच्या केकवरचं क्रीम चंद्रकोरीसारखं खरवडून नेलं होतं आणि खाली पिवळा स्पंज उघडा दिसत होता.

अशा वेळी पहिली चूक होते ती लगेच चाकू हातात घेण्याची. क्रीम मऊ असताना जेवढं सारवाल तेवढं ते बिघडतं, स्पंजचे कण त्यात मिसळतात. मी तिथल्या स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून मागितला. ४० मिनिटं. बाहेर पाहुणे जमत होते आणि मी फ्रिजसमोर उभी. क्रीम घट्ट झाल्यावर पुठ्ठ्याला दोन्ही तळवे लावून मजला हळूहळू मागे ढकलला, बरोबर काड्यांवर आणला. मग तिसरा मजला चढवला. लांब काडीला पेन्सिलसारखं टोक काढून ठेवलेलं होतंच. ती वरून ठोकली. पुठ्ठा भेदताना एकेकदा "टक्" असा आवाज येतो. तो दोनदा ऐकला तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला.

खरवडलेली जागा भरायला मी घरून वाटीभर क्रीम आणलं होतं, त्याच घाणाचं. हे लिहून ठेवा, त्याच घाणाचं. रंग घातलेलं बटरक्रीम तासागणिक गडद होत जातं, आयत्या वेळी नवं कालवलं की ठिगळ उठून दिसतं. पॅलेट नाइफ गरम पाण्यात बुडवून, पुसून, एकाच दिशेने फिरवला. कुणीतरी म्हणालं, तिथे फुलं खोचा. मी खोचली नाहीत. ज्या फुलाची जात आणि फवारणी मला माहीत नाही, ते मी खाण्याच्या पदार्थावर ठेवत नाही. कण्हेरीसारखं देखणं फूलसुद्धा विषारी असतं. सजावट करणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवायला हवं.

टेबल खिडकीतल्या उन्हात मांडलेलं होतं, ते आत सरकवलं. पाण्याचा पेला ठेवून पातळी पाहिली, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि मगच केक ठेवला.

तेवढ्यात भाची अर्धे केस विंचरलेल्या अवस्थेत धावत आली. केककडे बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, कापताना आतल्या काड्या कोण काढणार?" एवढ्या धांदलीत मी कुणाला सांगितलंच नव्हतं! ताबडतोब चिठ्ठी लिहिली: खाली ५, मध्ये ४, आरपार १. कापणाऱ्याच्या हातात दिली. रात्री तो ताटलीत काड्या घेऊन माझ्याकडे आला. दोघांनी मिळून मोजल्या. दहाच्या दहा.