अटॅचमेंटचं नाव

[पडद्यावर : इमेलचं उघडं हेडर. 'फाइलनेम'पुढच्या मजकुरावर कॅमेरा थांबतो.]

हे नाव पाठवणाऱ्यानं लिहिलंय. त्यात काय असेल यावर आपला काडीचाही ताबा नाही.

१९९८ साली फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की अटॅचमेंटला भलंमोठं नाव दिलं की आउटलुक एक्स्प्रेस आणि नेटस्केपसारखे इमेल वाचायचे प्रोग्रॅम कोलमडतात. नावासाठी राखलेली जागा ठरावीक असते. लांबी तपासली नाही, तर उरलेले बाइट शेजारच्या मेमरीवर जाऊन बसतात आणि सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्यांना अडवत नाही. नीट बेतलेलं नाव याच वाटेनं परका कोड चालवू शकत होतं.

आदल्याच वर्षी आरएफसी २१८३ या इंटरनेटच्या मानकानं, म्हणजे नियमांच्या दस्तऐवजानं, बजावलं होतं : नावात फोल्डरचा रस्ता दिसला तर तो पाळू नका. दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ, एवढ्यानं फाइल एक फोल्डर वर सरकते. हेच चार-पाचदा लिहिलं, की ती लॉगिन करताच चालणाऱ्या फाइलवर जाऊन पडू शकते.

[पडद्यावर : सगळ्या नावांच्या जागी नुसते अंडरस्कोअर असलेलं फोल्डर.]

यावर बरेच जण इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवून बाकी सगळं पुसतात. मला हे अजिबात पटत नाही. 'ग्रामसभा ठराव' आणि 'सातबारा उतारा' यांतलं काय कुठलं, ते मग ओळखायचं कसं? नाव कापणंही सोपं नाही. 'ग्रा' या एका अक्षरात चार चिन्हं आहेत, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, १२ बाइट. सी भाषेतलं मजकूर कॉपी करणारं स्ट्र-एन-कॉपी हे फंक्शन बाइट मोजतं, अक्षर मधूनच तोडतं, आणि नाव मावलं नाही तर मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइटही लावत नाही.

त्यापेक्षा दोन नावं ठेवा. डिस्कवरचं नाव प्रोग्रॅमनं स्वतः बनवावं. फाइल उघडणाऱ्या ओपन फंक्शनला ओ-क्रिएटच्या ('फाइल नसेल तर बनव') जोडीला ओ-एक्सल ('आधीच असेल तर थांब') हा पर्याय द्यावा. त्या नावाची फाइल किंवा लिंक आधीच असेल, तर ओपन सरळ नकार देतं. पाठवणाऱ्याचं नाव फक्त दाखवण्यापुरतं, अस्सल मराठीत. त्यातली कंट्रोल कॅरेक्टर (न दिसणारी नियंत्रण-चिन्हं) आणि मजकुराची दिशा उलटवणारी चिन्हं तेवढी गाळा, नाहीतर ईएक्सई फाइल पीडीएफसारखी दिसते. झेडडब्ल्यूजे हे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह मात्र राहू द्या, काही जोडाक्षरं त्याच्यावरच उभी असतात.

आणि फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमकडे उघडायला द्यायची असेल, तर सिस्टिम हे फंक्शन नको. तिथं शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, मध्ये येतो आणि नावातल्या अर्धविरामापुढचा मजकूर नवी आज्ञा म्हणून चालवतो. फोर्क करून आपल्या प्रोग्रॅमची प्रत काढा, एक्झेक करून तिच्या जागी तो दुसरा प्रोग्रॅम थेट चालवा, आणि त्याला आपण बनवलेलंच नाव द्या.