अंक हातात घेऊन केलेली यादी

[दृश्य : ग्रंथालयातलं लांब टेबल. त्यावर पाच-सहा वाङ्‌मयीन नियतकालिकं. एक हात मुखपृष्ठ उलटून श्रेयनामावलीच्या पानावर थांबतो.]

निवेदन :

कविता कुठं पाठवायची, असं मराठवाड्यातल्या कुठल्याही साहित्यिक ग्रुपवर विचारा. थोड्याच वेळात एक लांबलचक यादी येऊन पडते. नियतकालिकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर आणि शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’. यादी कुणी केली आणि कधी केली, एवढंच तिच्यात नसतं. मग गंगाखेडचा एखादा शिक्षक किंवा भूमची एखादी विद्यार्थिनी तिच्यावर भरवसा ठेवून लेखन पाठवते. ते पाकीट कधी छापखान्यात पोहोचतं, कधी पद सोडलेल्या संपादकाकडे जातं, कधी बंद कार्यालयाच्या दारावरून परत येतं.

उपयोगाची यादी तालुक्याच्या ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाच्या मराठी विभागाला सहज करता येते. त्यासाठी शंभर नावं लागत नाहीत. पंचवीस-तीस पुरतात. अट एकच : नोंद अंक समोर ठेवून करायची आणि कोणता अंक पाहिला, कोणत्या तारखेला पाहिला, हे शेजारी लिहायचं.

[दृश्य : श्रेयनामावली जवळून. बोट एकेका ओळीवरून सरकतं.]

श्रेयनामावलीचं, म्हणजे संपादक-प्रकाशकांची नावं-पत्ते असलेलं, हे पान नीट वाचायला शिकावं लागतं. एका अंकात तीन वेगवेगळे पत्ते असू शकतात. मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. पूर्वी १८६७चा कायदा होता, १ मार्च २०२४ पासून २०२३चा नवा कायदा लागू झाला. म्हणून तळाशी बारीक अक्षरात ‘अमुक ठिकाणी छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले’ अशी ओळ येते. ती लेखन पाठवण्यासाठी नसते. आपल्याला हवा ‘पत्रव्यवहाराचा पत्ता’ किंवा ‘साहित्य पाठवण्यासाठी’ असा उल्लेख. वर्गणीचा पत्ता याहून वेगळा असला, तर त्याला वेगळा रकाना द्यावा. विशेषांकाला अतिथी संपादक असेल, तर त्यांचा ई-मेल त्या अंकापुरताच धरावा. सर्वांत जास्त घोळ इथंच होतात.

पत्त्याच्या वर ‘वर्ष १२, अंक ३-४’ असं छापलेलं दिसलं, तर तो जोडअंक आहे. कागदावर त्रैमासिक असलं, तरी गेल्या वर्षी प्रत्यक्षात अंक किती निघाले, हे मोजून लिहावं. ‘त्रैमासिक, गेल्या वर्षी दोन अंक’ एवढ्या नोंदीवरून लेखकाला कळतं की उत्तरासाठी तीन महिने थांबून भागणार नाही.

अंक मिळवायचे कुठून? एसटी स्टँडच्या स्टॉलवर ते नसतात. शासनमान्य ‘अ’ वर्गाचं सार्वजनिक ग्रंथालय, महाविद्यालयाचं ग्रंथालय आणि गावातले जुने वर्गणीदार, या तीन ठिकाणी शोधावं. छत्रपती संभाजीनगरातून मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ निघत आलं आहे. याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं आणि दलित साहित्याला हक्काचं व्यासपीठ मिळालं. या दोन्हींच्या जुन्या फायली जिथं असतील, तिथं बसून चाळाव्यात. मराठवाड्याबाहेर पाहायचं तर धुळ्याचं ‘कवितारती’, वाईचं ‘नवभारत’, नागपूरच्या विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’ आणि हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेचं ‘पंचधारा’ ही नावं माहीत हवीतच. पण ही सगळी एका रांगेत मांडून चालत नाही. ‘कवितारती’ कवितेसाठी आणि कवितेवरच्या लेखनासाठी आहे, ‘नवभारत’चा पिंड वैचारिक. तिकडं पाच चारोळ्या पाठवणाऱ्याचं टपाल वाया जातं, संपादकाचा वेळही. म्हणून ‘काय छापतात’ हा रकाना ऐकीव माहितीवर भरू नये. हाताशी असलेल्या दोन अंकांच्या अनुक्रमणिका मोजाव्यात : कविता किती, कथा किती, समीक्षा किती, आणि नावं न ऐकलेले लेखक किती. नवोदितांना इथं जागा आहे का, या प्रश्नाचं उत्तर संपादकीयापेक्षा अनुक्रमणिका जास्त खरं देते.

[दृश्य : अंकाचं कथेचं पान. पेन्सिलनं एका ओळीतले शब्द मोजले जातात. पडद्यावर आकडे : ९ × ३२ = २८८.]

शब्दमर्यादा बहुतेक अंकांत छापलेली नसते. ती पानावरून काढावी. चार ओळींतले शब्द मोजून सरासरी घ्या. समजा, ओळीत नऊ शब्द आणि पानावर बत्तीस ओळी आहेत, म्हणजे पानाला २८८ शब्द. कथा अकरा पानांची असेल आणि त्यातलं जवळपास एक पान शीर्षकात व रेखाचित्रात गेलं असेल, तर उरलेली दहा पानं म्हणजे २,८०० ते २,९०० शब्द. दोन अंकांतल्या सगळ्या कथा अशा मोजल्या की सर्वांत छोटी आणि सर्वांत मोठी, अशा दोन मर्यादा हाती येतात. यादीत त्याच लिहाव्यात. सहा हजार शब्दांची कथा पाठवून ‘संपादकांनी वाचलीच नाही’ म्हणणाऱ्याला या दोन आकड्यांचा उपयोग होईल.

कवितेच्या बाबतीत पान कसं आहे, तेही पाहावं. दोन रकान्यांच्या पानावर आठ-नऊ शब्दांची ओळ बसत नाही. ती मोडून खाली येते आणि मोडलेला तुकडा वेगळी ओळ होऊन बसतो. लांब ओळींची मुक्तच्छंदातली कविता एका रकान्यात छापणाऱ्या अंकाकडे पाठवणं शहाणपणाचं. ‘कविता : एक रकाना’ किंवा ‘दोन रकाने’, एवढं टिपलं तरी काम होतं.

[दृश्य : संगणकाचा पडदा. आधी ‘दऱ्या’, मग त्याच जागी ‘दर्या’.]

आता फाइल. ‘युनिकोडमध्ये पाठवा’ एवढी सूचना अर्धवट आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गुंता दिसतो. म्हणून युनिकोड हवंच. मात्र अनेक ठिकाणी डीटीपी (संगणकावर पानांची जुळणी) करणारे आलेला युनिकोड मजकूर अंकाच्या मांडणीसाठी पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. या बदलात अवतरणचिन्हं, संयोगचिन्हं आणि काही जोडाक्षरं बिघडतात. सगळ्यात फसवा असतो तो ‘ऱ्य’. काही कीबोर्ड तो साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून घडवतात. ते अदृश्य चिन्ह वाटेत गळालं की ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. बालाघाटच्या दऱ्या एका फटक्यात दर्या होतात, आणि शब्द मराठीच असल्यानं प्रूफ वाचणाऱ्यालाही शंका येत नाही. टंकताना नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरला की हा धोका बराच कमी होतो.

त्यामुळे वर्डची फाइल आणि तिचीच पीडीएफ, अशा दोन्ही पाठवाव्यात. वर्डमधून मजकूर घेता येतो. पीडीएफमधून ओळी, कडवी आणि ‘ऱ्य’ मूळ कसे होते ते दिसतं. मोबाइलवर टंकलेली कविता थेट व्हॉट्सॲपवर पाठवू नये. कडव्यांमधली मोकळी जागा पुढं कुठल्या टप्प्यावर नाहीशी होईल, सांगता येत नाही. फाइलला ‘कविता१’ असं नाव देऊ नये. संपादकांकडे त्या नावाच्या पन्नास फायली असतात. आपलं आडनाव, रचनेचं शीर्षक आणि महिना, एवढं नावात असावं. कवीचं नाव, पत्ता, पिनकोड आणि फोन मेलमध्ये तर हवेतच, फाइलच्या शेवटीही हवेत, कारण छपाईला जाताना मेल मागं राहतो आणि फाइल तेवढी पुढं जाते.

हस्तलिखित अजून चालतं का, हा रकाना ठेवाच. चालत असेल तर फुलस्केपच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, पानांवर क्रमांक घालून लिहावं आणि प्रत स्वतःजवळ ठेवावी. जुन्या याद्यांत ‘रजिस्टर पोस्टानेच पाठवावे’ असं असतं. २०२५मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. ती ओळ दुरुस्त करा.

[दृश्य : नोंदवहीचा तक्ता. ‘पैसे’ हा रकाना ठळक होतो.]

पैशाचा रकाना गुळमुळीत ठेवू नये. मानधन देतात; मानधन नाही, पण लेखकाची प्रत येते; प्रतही विकत घ्यावी लागते; छापण्यासाठी पैसे मागतात. चारांपैकी नेमकं काय, ते स्पष्ट लिहावं. वर्गणी भरून अंक वाचणं वेगळं, ते प्रत्येक लिहिणाऱ्यानं करायलाच हवं. ‘वर्गणी भरा, मग कविता घेतो’ हे वेगळं. आणि प्रत्येक कवीकडून रक्कम घेऊन काढलेला प्रातिनिधिक संग्रह हे नियतकालिक नव्हे. त्याची नोंद या यादीत नको.

प्राध्यापक मंडळींसाठी एक जास्तीची सूचना. यूजीसी-केअर, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्य केलेल्या संशोधन-नियतकालिकांची यादी, २०१९ला सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगानं ती बंद केली. मुखपृष्ठावर अजून तिचा उल्लेख मिरवणारा अंक दिसला, तर तो दावा यादीत उतरवू नका. आयएसएसएन हा नियतकालिक ओळखण्यासाठीचा आठ अंकी क्रमांक आहे. तो असला म्हणून आतला मजकूर तपासून छापला जातो, असं अजिबात नाही.

वर्गणी यूपीआयवर भरताना हटकून होणारी गडबड म्हणजे पैसे जातात, पत्ता जात नाही. लगेच स्वतंत्र संदेश पाठवावा : नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, व्यवहाराची तारीख. मराठवाड्यात पिंपळगावं आणि वडगावं ढिगानं आहेत. पिनकोड चुकला की अंक भलत्याच तालुक्यात फिरतो.

हक्कांबद्दल थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरण लेखी असावं लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. अंकात कविता छापून आली, एवढ्यानं ती संपादकांच्या मालकीची होत नाही. पण ‘सर्व हक्क आमच्याकडे’ अशा अर्जावर आपण सही केली असेल तर गोष्ट वेगळी. असा अर्ज भरून घेतात का, ते टिपावं. फेसबुकवर टाकलेली रचना काही संपादक ‘पूर्वप्रसिद्ध’ मानतात. तशी अट अंकात छापलेली दिसली तर तीही टिपावी.

दिवाळी अंकांचा तक्ता निराळाच करा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनच्या या प्रथेचं वेळापत्रक नेहमीच्या अंकांशी जुळत नाही. बरीचशी आवाहनं पावसाळ्याच्या सुरुवातीला येतात. गणपती बसले की मजकुराची दारं बहुतेक ठिकाणी लागलेली असतात. आवाहनाची तारीख दरवर्षी नव्यानं लिहावी.

[दृश्य : एक्सेलचा पडदा. ०२४० टंकल्यावर २४० उरतं.]

तक्ता एक्सेलमध्ये असेल तर फोनचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर संभाजीनगरच्या ०२४० मधलं पहिलं शून्य उडतं. तारखेत महिना अक्षरानं लिहा. ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, यावर पुढं वाद नको. शहरांची नावं २०२३मध्ये बदलली. म्हणून औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अशी दोन्ही नावं नोंदीत राहू द्या. जुन्या अंकावरून शोधणारा जुनंच नाव टाकणार. फोन नंबर मात्र अंकात छापलेलाच घ्यायचा. कुणाकडून तरी मिळालेला संपादकांचा खासगी नंबर यादीत घालणं बरं दिसत नाही.

लेखकानं स्वतःसाठी याखेरीज एक पान राखावं : रचना, कुठं पाठवली, कधी, पोहोच आली का, उत्तर काय, छापली तर कोणता अंक आणि पान. एकच कविता एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवण्याचा रिवाज आपल्याकडे नाही. ती दोन्हीकडे छापून आली, तर दोन्ही दारं बंद होतात. त्रैमासिकाला दोन अंक जाऊ द्यावेत. तरीही उत्तर नसेल तर ‘रचना मागे घेत आहे’ असं एका ओळीचं पत्र पाठवून ती दुसरीकडे द्यावी. तक्रारीचा सूर नको.

[दृश्य : तक्त्याच्या कडेला तीन रंग.]

यादी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनमध्ये, नव्या अंकांशी ताडून पाहावी. गेल्या सहा महिन्यांतला अंक पाहिला असेल तर हिरवी खूण, वर्षापर्यंत पिवळी, त्यापुढं लाल. तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख प्रत्येक नोंदीपाशी. लाल नोंदीवर कुणी काही पाठवू नये. आधी साधं कार्ड किंवा मेल टाकून अंक निघतो का, ते विचारावं.

बंद पडलेल्या नियतकालिकांची नोंद पुसू नका. ‘सत्यकथा’ मासिक १९८२मध्ये बंद झालं, हे निदान बऱ्याच जणांना माहीत असतं. गेल्या पाच-सात वर्षांत थांबलेल्या छोट्या अंकांचं तसं नसतं. नाव पुसलं की पुढच्या फॉरवर्ड यादीतून ते कुणीतरी नव्यानं आत आणतं, जुन्या पत्त्यासकट. म्हणून अशा नावांसाठी वेगळं पान करावं आणि त्यात तीनच रकाने ठेवावेत : नाव, शेवटचा पाहिलेला अंक, तो कोणत्या ग्रंथालयात आहे.